चिखल-र्यूचे संस्थापक

भाजे गावात कराटेची एक नवी शैली जन्माला आली, यात जपानचा काहीही दोष नाही. दोष द्यायचाच तर सपाट जागेच्या टंचाईला द्यावा. गावाच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला रस्ता, आणि मधे जी काही सपाटी आहे ती सगळी भातखाचरांची. निवृत्ती केदारीला विसाव्या वर्षी कराटेचा नाद लागला तेव्हा बापाच्या खाचराशिवाय त्याला हातपाय हलवायला जागा नव्हती. आणि नाद लागला तोही ऐन जुलैत, खाचरात पाणी भरून चिखलणी चालू असताना.

लोणावळ्याच्या एका बंगल्यावर मुंबईच्या कराटे क्लासचं शिबिर दर पावसाळ्यात भरायचं. निवृत्ती तिथं चहा-नाश्ता द्यायला होता. पहिल्या वर्षी त्यानं किटली हातात धरून कराटे पाहिलं, दुसऱ्या वर्षी किटली खाली ठेवून, आणि तिसऱ्या वर्षी शिबिराच्या मास्तरांनी कंटाळून त्याला शेवटच्या रांगेत उभं केलं. जाताना पिवळा पट्टाही दिला. पुढच्या वर्षी शिबिर महाबळेश्वरला गेलं ते कायमचं. पिवळ्याच्या पुढचं कराटे निवृत्तीला स्वतःच शोधून काढावं लागलं.

शिबिरात शिकवलं होतं की पाय जमिनीलगत सरकवत न्यायचा. चिखलात तसा नेला की पाय मागं राहतो आणि माणूस पुढं जातो. दोनदा तोंडावर पडल्यावर निवृत्तीनं शास्त्रात सुधारणा केली. आधी टाच उपसायची, मग गुडघा थेट छातीपर्यंत, मग पाऊल वरून सरळ खाली रोवायचं. ठोसा आखूड ठेवायचा, कारण लांब मारला की तोल गेलाच. हे सगळं खाचरात ठीक होतं. पण निवृत्तीला वाटलं, जे चिखलात चालतं ते कुठंही चालेल, आणि त्यानं तेच पक्कं केलं. मग शाळेच्या पटांगणात, देवळापुढच्या सिमेंटवर, गुळगुळीत फरशीवरसुद्धा त्याचे शिष्य तिथं नसलेल्या चिखलातून पाय उपसत चालायला लागले. र्यू म्हणजे जपानीत शैली, एवढं त्याला शिबिरातून ठाऊक होतं. कामशेतच्या पेंटरकडून त्यानं पाटी रंगवून आणली : चिखल-र्यू कराटे, संस्थापक व महागुरू निवृत्ती केदारी.

शालन लग्न होऊन आली तेव्हा नवरा तळेगावच्या कारखान्यात पाळीवर जातो, निर्व्यसनी आहे, एवढंच तिला सांगितलं होतं. संस्थापक आहे हे लपवलेलं होतं. पहिल्या रविवारी सकाळी तिनं अंगणात पांढऱ्या कपड्यातला नवरा एक गुडघा छातीशी धरून उभा असलेला पाहिला आणि पोटदुखीचं औषध देऊ का, असं विचारलं. शैली काढणाऱ्याला काळा पट्टा देणार कोण, हा प्रश्न वर्षभर पडून होता. तो शालनच्या काळ्या परकराच्या उरलेल्या कापडानं सुटला. पट्टा तिनंच शिवला. महागुरूंच्या कमरेला काय आहे हे शिष्यांना माहीत नव्हतं, आणि वर्गाला उशीर झाला की शालन ते सांगण्याची धमकी द्यायची.

शैलीच्या परीक्षाही खास होत्या. हिरव्या पट्ट्यासाठी एक खाचर आवणी, म्हणजे भाताची रोपं लावून दाखवायची, पाठ न दुखवता. गावातल्या म्हाताऱ्या केरबा आबांनी बांधावरून हा सोहळा पाहिला आणि विचारलं, "निवृत्ती, पट्टा देतुयास का फुकाट आवनी करून घेतुयास?"

"दोनी एकच हाय, आबा," निवृत्ती शांतपणे म्हणाला. त्याला ते खरोखरच एक वाटायचं, हीच त्याची अडचण होती. शनिवार-रविवारी डोंगरातली लेणी बघायला येणारे पाहुणे थांबून मोबाइलवर शिष्यांचं शूटिंग करायचे. शालनचा पायथ्याशी पिठलं-भाकरीचा गाडा होता. हे लोक बगळ्यासारखे का चालतात, असं एखादं गिऱ्हाईक तिला विचारायचं. "त्यांचा मुख्य बगळा माझ्या घरी असतो," ती सांगायची आणि ठेचा वाढायची.

अशी वीसेक वर्षं गेली. शिष्य आले, हिरवे झाले, कंपनीला लागले. जुन्यांतली टिकली ती एकटी अमृता, निवृत्ती-शालनची मुलगी. ती चालायला शिकली तीच मुळी गुडघे छातीला लावून.

अमृता सतरा वर्षांची असताना लोणावळ्यात कराटेच्या खुल्या स्पर्धा झाल्या. तिनं पहिलं पाऊल उचललं आणि अख्खं सभागृह हसलं. शालनला त्या हसण्याची सवय होती, कारण ते तिनंच घरात सुरू केलं होतं. पण समोरच्या मुलीनं अमृताचा पाय खालून उडवायला लाथ फिरवली, तर तिथं पायच नव्हता. तो वर छातीशी होता. मुलगी स्वतःच्याच जोरानं गिरकी घेऊन बसली. दुसरीचं तसंच झालं, तिसरीचंही. अंतिम फेरीत अमृता हरली, पण तोवर कुणी हसत नव्हतं.

पुण्याहून आलेल्या प्रशिक्षक अनघा मॅडम स्वतः उठून निवृत्ती-शालनकडे आल्या. बाई सरळ होत्या. "मुलगी मला द्या," त्या म्हणाल्या. "राहणं, कॉलेज, सराव सगळं आमच्याकडे. दोन वर्षांत राज्याच्या संघात दिसेल." त्यांनी फॉर्म पुढं केला. त्यात आधीचं प्रशिक्षण, शैली आणि गुरू असा रकाना होता. "इथे संघटनेच्या यादीतलीच शैली चालते. दुसरं नाव लिहिलंत तर फॉर्म परत येतो, तिथे माझं काही चालत नाही. 'काही नाही' असं लिहा. आणि ते पाय उचलणं पहिल्या सहा महिन्यांत मोडावं लागेल आम्हाला."

"मला न्हाई जायचं, पप्पा," अमृता म्हणाली. पण तिची नजर फॉर्मवरून हलत नव्हती, आणि ते तिघांनाही दिसत होतं.

"गप. पेन दे," निवृत्ती म्हणाला. त्यानं फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि त्या रकान्यात सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, काही नाही. खाली पालक म्हणून सही केली. एरवी किराणा दुकानाच्या चिठ्ठीवरसुद्धा संस्थापक लिहिणारा माणूस, त्या दिवशी नुसता पालक होऊन उठला.

घरी येईपर्यंत शालन धुमसत होती. कुणावर, ते तिला कळेना. मॅडम बरोबर होत्या, पोरीचं भलं होतं, आणि चिखल-र्यू म्हणजे काही नाही हे तर ती स्वतः सगळ्या गावाला सांगत आली होती. पण ती बोलली होती ती घरचं माणूस म्हणून. त्याची चेष्टा करायचा मान तिचा होता, एका फॉर्मचा नव्हे. तिला त्या दिवशी नवऱ्याची इतकी माया वाटली की रागानं तिनं त्याला दोन भाकरी जास्त वाढल्या. त्यानं एकही खाल्ली नाही.

अमृता पुण्याला गेली. निवृत्तीनं पाटी उतरवून गोठ्यात उलटी ठेवली. पुढच्या रविवारी सकाळी सहाला पाच शिष्य नेहमीसारखे अंगणात येऊन रांगेत उभे राहिले. महागुरू लुंगी-बनियनवर पायरीवर बसून होते.

"क्लास बंद," निवृत्ती म्हणाला. "हे कराटे न्हाईच. म्या माझ्या हातानं लिवून दिलंय. घरी जावा."

पोरं हलली नाहीत. कुठं बघावं ते त्यांना कळेना.

"तुमी लिवलं ते पोरीसाठी लिवलं," शालन दारातून म्हणाली. "ह्यांनी कुटं काय लिवलंय?"

"तू गप बस. तुलाच लय हसू यायचं."

"यायचं की. अजून येतं." पण तो उठला नाही, मान खाली घालून बसून राहिला, आणि शालनला कळलं की हा आज उठला नाही तर परत कधीच उठणार नाही. कारखान्यात जाईल, येईल, जेवेल, पण पायरीवरून उठणार नाही. तिनं भाकरीचं पीठ तसंच परातीत टाकलं, हात पदराला पुसले, पदर कमरेला खोचला, साडी गुडघ्यापर्यंत वर ओढून घेतली आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. चव्वेचाळीस वर्षांची बाई, पायात जोडवी, शेजारी पोरं ओठ दाबून उभी.

तिनं टाच उपसली, गुडघा वर घेतला, पाऊल रोवलं. दहा वर्षांची असल्यापासून दर पावसाळ्यात खाचरात उतरलेला पाय होता तो. त्याला काही शिकवावं लागलं नाही. पोरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, कारण इतका नेमका पाय त्यांच्यातल्या एकालाही जमत नव्हता. मग तिनं ठोसा मारला, तो मात्र कणीक मळल्यासारखा.

 निवृत्ती पायरीवरून उठला, रांगेजवळ आला आणि तिची मूठ हातात घेऊन उघडली.

"अंगठा बाहीर ठेव, मोडंल," तो म्हणाला. "आन् क्लासमदी सर म्हनायचं."

शालननं अंगठा बाहेर काढला. "व्हय, सर," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं नाही.