दाजी आणि रॉकेलची रांग

म्हातारं व्हायची आमच्या दाजींइतकी घाई झालेला माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. बाकीची दुनिया पांढरे केस उपटत असते, वय विचारलं की दोन-चार वर्षं खाऊन सांगते. दाजी मात्र चौतिसाव्या वर्षी आरशासमोर उभे राहून कानशिलावरचा एखादा तरी केस पिकलाय का ते बघायचे आणि नाही सापडला की खट्टू व्हायचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी बार्शीहून सोलापूरला कारकुनीला आलो आणि त्यांच्या दोन खोल्यांतल्या अर्ध्या खोलीचा मालक झालो. दाजी एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत, पण टेंपरवारी. कायम व्हायचं तर वरची पदवी पाहिजे, आणि त्या पदवीसाठी त्यांनी विषय घेतला होता म्हातारी माणसं. कागदावर त्याचं नाव 'सोलापूर शहरातील वृद्धांचे सामाजिक जीवन व समाधान' असं भारदस्त होतं. त्यांचे मार्गदर्शक सर कोल्हापूरला होते. शंभर वृद्धांच्या मुलाखती, प्रत्येकाला बेचाळीस प्रश्न आणि ठरावीक मुदत. मुदतीत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आणि दाजींची कॉलेजातली जागा पदवी असलेल्या दुसऱ्या कुणाला. हे सगळं आक्काने मला पहिल्याच दिवशी ताटावर बसवून सांगितलं आणि वर म्हणाली, "तू जरा लक्ष ठेव त्यांच्यावर. मानूस चांगला हाय, पण त्यांचं कधी काय सांगता येत न्हाय."

काय सांगता येत नाही, ते मला पहिल्याच रविवारी कळलं. ज्याचा अभ्यास करायचा ते आधी अंगावर घेऊन बघावं, असं दाजींचं म्हणणं. त्यांनी चष्म्याच्या काचांना खोबरेल तेल चोळलं, कानात कापसाचे बोळे कोंबले, बुटांत मूठमूठ हरभरे टाकले आणि पिशवी घेऊन मंडईला निघाले. आक्काच्या हुकमावरून मी दहा पावलं मागे. एरवी पाच मिनिटांच्या वाटेला त्यांनी पाऊण तास लावला. भाजीवालीने सांगितलेला भाव ऐकू येईना म्हणून तीनदा विचारला, तेव्हा ती वैतागून शेजारणीला म्हणाली, "घरात कुनी न्हाय का ह्यांच्या? एकल्याला कसं सोडत्यात." घरी येऊन पिशवी उलटी केली तर अर्धा किलो वांग्यांत एक धड निघेना. आक्काने कपाळाला हात लावला. दाजींचा चेहरा मात्र बोर्डात पहिला आल्यासारखा फुललेला. "बघितलंस का पाव्हणं? मी म्होरं उभा असताना ती माझ्याबद्दल शेजारणीशी बोलली, माझ्याशी न्हाय. हे कुठल्या पुस्तकात सापडंल का?" मी नाही म्हणालो. त्या हरभऱ्यांची आक्काने उसळ केली नाही, एवढं वाचकांच्या समाधानासाठी सांगतो.

मुलाखत घ्यायची त्यांची पद्धतही अशीच जगावेगळी. समोरचं माणूस बोलायला लागलं की दाजींना ते मध्येच तोडता येत नसे. गिरणीतून निवृत्त झालेल्या एका जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, त्यांनी बेचाळिसांतला दुसरा प्रश्न विचारला, वय किती. जॉबरबाबांना आपलं वय ठाऊक नव्हतं, पण आपला जन्म प्लेगाच्या कितव्या वर्षी झाला हे आईने सांगितलेलं अर्धवट आठवत होतं, तिथून ते निघाले ते गिरणीतल्या पहिल्या दिवसाला पोचेपर्यंत तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या संध्याकाळी त्यांनी दाजींनाच विचारलं, "मग मी कितीचा झालो म्हनायचं, मास्तर?" निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती तरी हे बाबा रोज पहाटेच्या भोंग्याला उठत, डबा नसलेली पिशवी घेऊन गिरणीच्या फाटकापर्यंत जात आणि तसेच परत येत. प्रश्नावलीत या गोष्टीला जागा नव्हती, म्हणून दाजींनी समासात लिहिली, समास संपला तेव्हा कागद आडवा करून लिहिली. पहिल्या पहिल्यांदा मला याचं हसू यायचं. मग दाजींबरोबर नव्या पेठेतून चालायची वेळ आली. दर वीस पावलांवर कुणी ना कुणी म्हातारा त्यांचा दंड धरून उभा, कुणाला दाढेचं सांगायचंय, कुणाला गावाकडच्या भावाचं, आणि दाजी भर उन्हात असे ऐकत उभे की बोलणाऱ्याला आपण फार मोठी असामी आहोत असं वाटावं. असं ऐकणं मला आजतागायत जमलेलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हापासून माझं हसू बंद झालं आणि या माणसाची थोडी भीतीच वाटायला लागली.

शंभर मुलाखती पुऱ्या झाल्या तेव्हा मुदतीला सहा महिने उरले होते. निकाल मोठा झकास होता. शंभरातले जवळजवळ सगळे म्हातारे समाधानी. मुलाखती त्या त्या घरी झाल्या होत्या, आणि कॉलेजचे मास्तर घरी येणार म्हटल्यावर आपल्याकडे जे होतं ते सगळं तिथं झालं होतं. सतरंजी अंथरलेली, मुलगा धुतलेला सदरा घालून शेजारी, सून चहा घेऊन दारात, चार शेजारी उंबऱ्यात. प्रश्न म्हाताऱ्याला आणि उत्तर मुलाचं, "आमच्या बापूंना काय कमी हाय?" बापू मान हलवणार, दाजी लिहून घेणार, खाली सही किंवा अंगठा. कोल्हापूरचे सर आकडे बघून खूष झाले, लिहायला लागा म्हणाले. आक्काने दाजी कायम झाल्यावर घ्यायच्या दोन पातेल्यांसाठी फळीवर जागासुद्धा करून ठेवली. दाजी तेवढे कागद खालीवर करत म्हणायचे, "सोलापूर एवढं सुखी हाय, हे मला रस्त्यात कसं दिसलं न्हाय रं?"

आणि एका रविवारी सकाळी आक्काने आम्हा दोघांना रॉकेलच्या रांगेत पाठवलं. आमच्या पेठेतल्या रेशन दुकानासमोर माणसं रांगेत उभी राहत नसत, डबे उभे राहत. डबा नंबराला लावायचा आणि समोरच्या लिंबाखाली बसायचं. त्या लिंबाखाली मी प्रथमच नीट बघितलं, तर सगळी म्हातारी माणसं. मुलगे गिरणीत, सुना कामात, पोरं शाळेत, मग रॉकेलला कोण जाणार? ज्याला घरात काही काम नाही ते. त्यांत एक तेलुगू विणकरांच्या घरातली आजी होती, सगळे तिला अव्वा म्हणत. दाजींच्या शंभरांतली ती एक. दाजींना बघून ती उठली आणि काठी टेकत आली.

"मास्तर, माझा अंगठा घेतलेला त्यो कागद हाय का अजून?"

"हाय की, अव्वा."

"फाडून टाक त्यो."

दाजी हसले. "का बरं? तुमी तर सगळं चांगलं सांगितलं की."

"सून दारात हुबी हुती. तिच्याम्होरं काय सांगू?"

"म्हंजे जेवायला मिळत न्हाय व्हय?"

"मिळतंय की. ताट सरकवत्यात. जेव म्हनत न्हाईत कुनी." अव्वाने पदराने तोंड पुसलं. "सून वाईट न्हाय हां. दिसभर इड्या वळती, तिला कुटं टाइम हाय? घरातलं घरात ऱ्हावं. पर तू लिवून नेलास, लांब कुटं जानार त्यो कागद, आन माझ्या अंगठ्याखाली खोटं जानार. म्हून सांगितलं."

मग जॉबरबाबा खाली बघत म्हणाले, "माझाबी फाड." त्यांच्या पलीकडचे एक चाचा म्हणाले, "मेरा भी निकाल दो, मास्टर."

दाजी घरी आले, जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी शंभर कागद पुढ्यात घेतले आणि लाल पेन्सिलीने एकेकावर आडवी रेघ मारत गेले. दीड वर्षाचं काम होतं. आक्का आधी समजावत होती, मग चिडली, मग रडली. "लोकांची पदवी घरात येती, आमची रांगेत गेली," म्हणाली. दाजी एवढंच म्हणाले, "मी माणसाला विचारलं आणि घरानं उत्तर दिलं. माझी चूक हाय."

दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी कॉलेजच्या आधी डबा घेऊन रांगेत. आमच्याच पेठेत नव्हे, ज्या पेठेत रॉकेल आल्याचं कळेल तिथं. यावेळी त्यांचा नियम होता, की जे सांगितलं ते लिहायचं, पण नाव लिहायचं नाही, पत्ता नाही, अंगठा नाही. नोंद ओळखायला खूण म्हणून त्या माणसाचा डबा. 'दोरीची कडी', 'चेपलेला कोपरा', 'बिनझाकणाचा', अशी माणसं त्यांच्या वहीत जमायला लागली. बोलणं रंगात आलं आणि आपला नंबर जवळ आला, की दाजी गुपचूप उठून आपला डबा उचलायचे आणि रांगेच्या शेपटाला नेऊन ठेवायचे. असं दिवसातून दोन-तीनदा. त्यामुळे सोलापुरात रॉकेलच्या रांगेत सगळ्यात जास्त वेळ बसणाऱ्या माणसाच्या घरी स्टोव्ह मात्र शेजारणीच्या रॉकेलवर पेटायचा. आक्का रोज बोलायची आणि रोज धुतलेला डबा दाराशी ठेवायची. मी कधी रविवारी बरोबर जायचो. लिंबाच्या सावलीत बसलेल्या त्या माणसांना, घरात वर्षानुवर्षं गिळलेलं, या एका माणसासमोर बाहेर काढताना बघून मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटायचं. कुणी रडत नसे. आपल्याला काय वाटतं हे विचारायला कुणीतरी आलंय, यानेच ती ताठ बसायची.

मुदत संपायच्या आठवड्यात वही घेऊन कोल्हापूरला जायचं होतं. दाजी तिथं काही वेडेपणा करतील म्हणून आक्काने मला बरोबर धाडलं. सरांनी वही शांतपणे चाळली. माणूस वाईट नव्हता.

"एक्केचाळीसच?" ते म्हणाले. "असू दे, सांभाळून घेता येईल. पण हा 'दोरीची कडी' कोण?"

"एक गृहस्थ आहेत, सर."

"नाव, पत्ता?"

"ते देता येणार नाही. मी शब्द दिलाय."

"अहो, परीक्षक विचारणार, ही माणसं खरी कशावरून? मी तरी कसं मानू?"

"तुम्ही एकदा रांगेत येऊन बसा, सर," दाजी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

सरांनी चष्मा काढला. "यादी फक्त मला द्या. कुलपात ठेवतो. नाहीतर तुमचे पहिले शंभर कागद आहेत, नावं आहेत, अंगठे आहेत, तेच पाठवू. पदवी दोन्ही वाटांनी मिळेल. काय करता?"

मी टेबलाखालून दाजींचा पाय दाबला. मला आक्काची फळीवरची रिकामी जागा दिसत होती. दाजींनी पाय हळूच मागे घेतला. मग म्हणाले, "सर, आमचं गाव लहान आहे. यातल्या एकाचा मुलगा माझ्याच कॉलेजात आहे. यादी कागदावर आली की कधी ना कधी घरी पोचते, आणि माणसाला त्याच घरात म्हातारं व्हायचं असतं. आणि त्या शंभरांत काहीच खरं नाही." त्यांनी वही उचलली, सरांच्या पाया पडले आणि आम्ही एसटी स्टँडवर आलो. परतीच्या वाटेवर दाजी चक्क झोपले. मला झोप आली नाही. यांना मूर्ख म्हणावं की नमस्कार करावा, हे सोलापूर येईपर्यंत ठरेना.

आक्काने सगळं ऐकून घेतलं. पाटावर बसलेल्या दाजींना वाढलं आणि म्हणाली, "चांगलं केलंत असं मी काय म्हननार न्हाय. पण जेवा आता."

कॉलेजातली जागा गेली. दाजी एका हायस्कुलात मास्तर झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. वही त्यांनी पुन्हा कुणाला दाखवली नाही. अव्वाचं बोलणं मी इथं लिहिलं, कारण ते मी माझ्या कानांनी ऐकलं आणि तिचं नाव मलाही ठाऊक नाही.

आता आक्का नाही. दाजींनी ऐंशी ओलांडलीय, केस एकूण एक पिकलेत. गेल्या हिवाळ्यात भेटायला गेलो. भाचा गुणी आहे, सूनही. तिने चहा आणला, भाचा शेजारी बसला. मी विचारलं, "दाजी, कसं काय?" भाचाच म्हणाला, "बाबांना काय कमी आहे, मामा?" दाजींनी मान हलवली.

मी चहा संपवला आणि म्हणालो, "दाजी, चला, जरा पाय मोकळे करू." आम्ही सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी कट्ट्यावर जाऊन बसलो. आसपास कुणी नव्हतं. मी म्हणालो, "आता सांगा." त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसले, आणि मग तासभर बोलत होते. मी एकदाही मध्ये तोडलं नाही.

दाजींचं नाव मी इथं मुद्दामच घातलेलं नाही, पण सोलापूरची जुनी माणसं ओळखायची ती ओळखतील. म्हणून त्या तासाभरात ते काय बोलले, ते मी लिहिणार नाही. घराशी आल्यावर त्यांनी माझा हात सोडला, सदरा नीट केला आणि आत जाऊन सुनेला म्हणाले, "लई बरं वाटलं आज." हे त्यांनी घरातल्या सगळ्यांसमोर सांगितलं म्हणून लिहितो, आणि ते खोटं नव्हतं.