दोष मासोळीच्या रश्शाचा नव्हता

सगळे फोन करून बाबांचं विचारताय, म्हणून इथे एकदाच लिहितो. बाबा कोरोना पॉझिटिव्ह आहेत. भंडाऱ्याला भरती केलंय, ऑक्सिजन सुरू आहे.

त्यांना खोकला नव्हता, ताप नव्हता. नुसते जुलाब आणि उलट्या. आदल्या दिवशी आईने मासोळीचा रस्सा केला होता. आमच्याकडे मासोळी बाबाच आवडीने खातात. मी लगेच बोलून गेलो, "आई, तुह्या रश्शातली मासोळीच खराब होती." आत्यानेही फोनवर तिला तेच ऐकवलं. चार दिवस आम्ही पेज आणि ओआरएसचं पाणी पाजत बसलो. पाचव्या दिवशी बाबांना उठवेना, तेव्हा दवाखान्यात नेलं.

आज दुपारी डॉक्टर म्हणाले, "काही पेशंटले कोरोनाची सुरुवात पोटापासूनच होते. खाण्याचा काही संबंध नाही."

घरी येऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "उरलेला रस्सा मी दोन दिवस मुद्दाम खाल्ला. मले काहीच नाही झालं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"माह्यासंग बोलूनच कोण राहिलं होतं?"

उद्या आईची टेस्ट करायची आहे, एवढंच डोक्यात आहे.

नुसते जुलाब असले तरी अंगावर काढू नका, डॉक्टरला दाखवा. आणि खरं सांगा, घरात कोणाचं पोट बिघडलं की तुम्ही आधी कोणाकडे पाहता?