एकच ठिवलाय, साहेब

एका बाईने माझ्यासमोर सरळ कबुली दिली आणि मी तिचे व्याकरण दुरुस्त करून तिला घरी पाठवले.

नोकरीत चुका पुष्कळ केल्या. काही वरिष्ठांनी पकडल्या, काही वकिलांनी, उरलेल्या बायकोने. पण निवृत्तीनंतर कुणी "एखादी जुनी केस सांगा की" म्हटले की हीच आधी ओठांवर येते. यातल्या कुणाचे नाव मी लिहीत नाही. माझे लिहिले असते, पण त्यात फारसे भूषण नाही.

तेव्हा मी अंबडच्या बाजूला एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एक डोंगर. लांबून पाहिला तर उघडाबोडका, भाजलेल्या भाकरीसारखा. जवळ गेले की कळते, खडकाच्या प्रत्येक फटीतून बोरी, बाभळी, चिल्लार आणि घाणेरी बाहेर आल्या आहेत आणि प्रत्येकीला माणसाच्या कपड्यांशी जुने वैर आहे. माथ्यावर भैरोबाचे ठाणे. माझे खाली, त्याचे वर. गर्दी त्याच्याकडे जास्त.

डोंगराच्या मागच्या अंगाने डांबरी रस्ता झाला आणि लोक गाडीने थेट देवापर्यंत जाऊ लागले. पुढच्या अंगाला गुरवाची वस्ती. तिथून वर जाणारी जुनी पायवाट कुणी वापरेना, म्हणून ती झुडपांनी गिळली. तिच्यावरून रोज जाणारा एकच माणूस उरला होता, तो म्हणजे भैरोबाचा गुरव. साठीचा, गुडघ्यांनी अधू.

चैत्रातली यात्रा तोंडावर आली असताना देवस्थान समितीचे अध्यक्ष चार माणसे घेऊन ठाण्यात आले. भैरोबाचा पितळी मुखवटा गायब. एरवी तो गाभाऱ्यातल्या पेटीत असतो आणि यात्रेला बाहेर काढून देवाला चढवतात. पेटी फोडलेली नव्हती, कुलूप शाबूत. किल्ली गुरवाच्या घरी. आता यात तपास काय करायचा, असे मला वाटले. आणि मला असे वाटले की हमखास काहीतरी चुकते.

त्यात खबर आली. वस्तीच्या तोंडाशी चहाची टपरी चालवणारा आमचा जुना खबऱ्या कानाशी लागला. "साहेब, परवा भल्या पहाटं गुरव फडक्यात कायतरी गुंडाळून जुन्या वाटेनं उतरल्ता. म्या सोता पाह्यलं."

खबऱ्याबद्दल एक गोष्ट अनुभवाने सांगतो. तो जे पाहतो ते बहुतेक खरे असते. त्याचा तो जो अर्थ लावतो, तो मात्र चहाबरोबर फुकट दिलेला असतो. मी तोही पिऊन टाकला.

गुरवाला चौकशीला आणले. अटक दाखवली नव्हती, नुसते बाकावर बसवले होते. बाहेर त्याचा अर्थ एकच काढतात, हे मला ठाऊक होते.

"देव कुठाय?" मी दरडावले.

"देव कुठं जातंय, साहेब. डोंगरावरच असंल."

"फडक्यात काय होतं?"

"चप्पल."

"फडक्यात चप्पल?"

"काट्यानं फाटल्ती. देवाच्या वाटंवरून फाटकी चप्पल उघडी हातात कशी न्यायची? म्हणून गुंडाळली."

तो अगदी शांत होता. निरपराध माणूस आरडाओरडा करतो, गुन्हेगार शांत बसतो, असे माझे एक सूत्र होते. या सूत्राने मला जितक्या वेळा फसवले, तितके एकाही गुन्हेगाराने फसवले नाही. पण त्या दिवशी माझा या सूत्रावर पूर्ण भरवसा होता.

समितीचे अध्यक्ष दारातूनच म्हणाले, "साहेब, उद्या सांजपस्तोर देव न्हाई भेटला तर पूजेचा मान आमी दुसऱ्याला देणार. तसंबी ह्यो रोज उशिरा येऊन राह्यला. लोकं ताटकळतेत."

तेव्हा मात्र गुरव हलला. बाकावरून उठायला गेला, गुडघ्याने साथ दिली नाही, पुन्हा बसला. "आमच्या बापजाद्यापासून दिवा आमचा हाय," एवढेच बोलला. मारहाण, तुरुंग, कोर्ट यांच्या नावाने न घाबरलेला माणूस दिव्याच्या नावाने घाबरला. हे मी पाहिले, आणि पाहून सोडून दिले.

दुपारी त्याची बायको भाकरी घेऊन आली. महिला शिपाई समोर बसवून मी तिच्याकडेही चौकशी केली. बाई चांगली खणखणीत. नवरा ठाण्यात आणि हिच्या चेहऱ्यावर काळजीची रेघ नाही, म्हणून मला जरा रागच आला.

"बाई, नवरा अडकलाय. तुम्ही इतक्या निवांत कशा?"

"म्या देव पाण्यात ठिवलाय," ती म्हणाली.

आता, मी शाळेत मराठीत पहिला येणारा मुलगा. मला राहवले नाही. "बाई, 'देव पाण्यात ठेवलेत' असं म्हणतात."

"न्हाई, एकच ठिवलाय, साहेब."

गरिबाचे घर. देव्हाऱ्यात एकच टाक असणार. मला गलबलून आले. मी आवाज मऊ केला. "बरं, देवाकडं काय मागितलं?"

"वाट."

"निघेल, निघेल काहीतरी वाट," मी म्हणालो.

"निघाल्याबिगर म्या त्याला भाईर काढायची न्हाई."

"चांगलं केलंत. काम होईपर्यंत मुळीच काढू नका."

तिने माझ्याकडे जरा चमकून पाहिले. मग हात जोडले. "तुमीच म्हणले, मंग झालं," असे म्हणून ती रिकामा डबा घेऊन निघून गेली. शेजारी बसलेले आमचे हवालदार डोके खाजवत होते. "साहेब, ही बाई काय बोलली ते मला बराबर उमगलं न्हाई." मी त्यांना तो वाक्प्रचार समजावून सांगितला. अर्थासह, वाक्यात उपयोग करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोधमोहीम काढली. गुरव जुन्या वाटेने उतरला, म्हणजे मुखवटा वाटेतल्याच झुडपात दडवलेला, हे माझे अनुमान. हवालदार म्हणाले, "साहेब, जीपनं रस्त्यानं वर जाऊ, अन् वरून हुडकत खाली उतरू. उतार बरा पडतो."

"तपास खालून वर जातो, हवालदार," मी म्हणालो. याला काहीही आधार नव्हता. ऐकायला बरे वाटले, एवढेच.

माझ्या पायात मुलीने पुण्याहून पाठवलेले डोंगर चढायचे बूट होते. ती मोबाइलवर वाट दाखवणारे काहीतरीही घालून देऊन गेली होती. ते पहिल्याच चढाला म्हणाले, आपण रस्त्यावर नाही. हे मला दिसत होते.

महिला शिपाई धरून चार शिपाई आणि वस्तीवरची पंधरा-वीस माणसे कोयते-कुऱ्हाडी घेऊन पुढे. "एक झुडूप सोडायचं नाही," असा माझा हुकूम. चिल्लारीची जाळी तोडायची, खाली हात घालून बघायचे, बाजूला ओढायची आणि पुढे सरकायचे. वाळलेल्या कुसळी पँटमधून आत शिरत होत्या. पायाखालचा मुरूम घसरत होता, आधाराला धरावे ते बाभळीचेच निघत होते. निम्म्या चढावर माझ्या सदऱ्याची एक बाही घाणेरीला आवडली आणि तिने ती ठेवून घेतली. एका वळणावर मी खडकावर टेकलो आणि खाली पाहिले. कोरडे ओढे, पांढरी पडलेली शेते, लांबवर कुणाची तरी एकच हिरवी बाग. ऊन डोळ्यांत घुसत होते. तरी खरे सांगतो, बरे वाटले. खुर्चीत बसून हा डोंगर मी दोन वर्षे पाहत होतो आणि आज तो पहिल्यांदा मला पाहत होता.

मागून गुरवाची बायको डोक्यावर भाकऱ्यांची पाटी घेऊन अनवाणी येत होती. मधूनच सूचना द्यायची. "ते डाव्या अंगाचं राह्यलं, बाबांनो. तेबी तोडा."

"बघा," मी हवालदारांना म्हणालो, "नवऱ्याला सोडवायची किती तळमळ आहे."

"तळमळ हाय खरी," हवालदार म्हणाले. "पण तिची नजर झुडपाच्या खाली न्हाई, साहेब. वाटंवर हाय."

मी दुर्लक्ष केले. कनिष्ठाचे निरीक्षण बरोबर असले की ते ऐकू न येण्याची एक सोय आमच्या खात्यात असते.

माथ्यावर पोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. मुखवटा नाही. देवळाशेजारी खडकात कोरलेले एक टाके आहे, गुडघ्याच्या वर पाणी, हिरवेगार, तळ दिसत नाही. मी बूट काढले. त्या महागड्या बुटांनी टाचांचे जे केले होते ते काट्यांनीही केले नसते. सरळ टाक्याच्या काठावर बसलो आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले.

"साहेब, पाणी भाईर घेऊन धुवा," हवालदार घाईने म्हणाले.

"अहो, पाय पेटलेत माझे. राहू द्या."

गुरवाच्या बायकोने पाटी उतरवली होती. ती माझ्याकडे पाहतच राहिली. तिचे ओठ हलले. शब्द ऐकू आले नाहीत.

पाण्यात माझ्या अंगठ्याला काहीतरी लागले. गार, गुळगुळीत, वरून फुगीर. मी अंगठा फिरवला तर कडेला खरखरीत वळ्या. मी पाय झटकन वर घेतले आणि ओरडलो, "टाक्यात कासव आहे! कुणीही आत उतरू नका!"

एक शिपाई टाके शोधायला पँट दुमडतच होता. साहेबांचा हुकूम म्हणून त्याने ती पुन्हा खाली सोडली. तपासातला एकमेव योग्य विचार असा मी स्वतः बंद पाडला.

भाकरी-ठेचा खाऊन आम्ही उतरायला निघालो. मी मनाशी ठरवले होते, ठाण्यात गेल्यावर गुरवाची अटक दाखवायची. इलाज नव्हता. वाट आता दोन माणसे शेजारून चालतील एवढी मोकळी झाली होती. वस्तीवरची घरे थेट दिसत होती. गुरवाची बायको वाटेच्या तोंडाशी उभी राहून खालपर्यंत पाहत होती.

"झालं," ती म्हणाली. "आता देव काढते."

"काढा, काढा, घरी जाऊन काढा," मी म्हणालो.

"घरी कशाला? हितंच हाय की."

आणि ती वळून टाक्याकडे गेली, लुगडे खोचले आणि पाण्यात उतरली.

"बाई, कासव!" मी ओरडलो.

ती वाकली, दोन्ही हात खांद्यापर्यंत आत घातले आणि भैरोबा बाहेर काढला. पितळी, डोळे वटारलेला, मिशांवरून पाणी ओघळणारा. त्या मिशांच्या वळ्या माझ्या अंगठ्याने चांगल्या ओळखल्या होत्या.

हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, एकच व्हता."

मग सगळे उलगडले. नवऱ्याचे गुडघे गेलेले. काट्यांतून येता येता दिव्याला उशीर होतो, समिती मान काढून घ्यायच्या गोष्टी करते. "दहा डाव सांगितलं, वाट तेवढी साफ करा," ती मुखवटा पदराने पुसत म्हणाली. "म्हणले, रस्ता हाय की. रस्त्यानं यायला आमच्याकडं गाडी हाय का? मंग म्या देवालाच सांगितलं. रोज तुज्याकडं येतंय त्या माणसाला वाट दे, मंग भाईर काढते. किल्ली घरातच व्हती."

"नवऱ्याला माहीत होतं?"

"त्याला सांगितलं असतं तर ठिवू दिलं असतं का? देवाला थंडी वाजंल म्हणला असता."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"दोनदा सांगितलं. तुमीच म्हणले, काम होईस्तोवर काढू नका."

महिला शिपायाने दुसरीकडे तोंड फिरवले. तिचे खांदे हलत होते.

गुरव त्याच संध्याकाळी त्याच वाटेने दिवा लावायला वर गेला, वेळेवर. देव देवळाच्या आवारातून हलला नव्हता आणि चोरीचा हेतू कुणाचाच नव्हता, म्हणून गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा अशी 'क' समरी कोर्टात पाठवली. त्यातला "मुखवटा कोठे मिळून आला" हा भाग लिहिताना मी जितका वेळ घेतला तितका खुनाच्या दोषारोपपत्रालाही घेतला नव्हता. अध्यक्षांनी काही दिवस तोंड वाकडे केले. पण यात्रेला पोरेटोरे रस्ता सोडून जुन्या वाटेनेच चढली, तेव्हा तेही नारळ फोडायला खाली आले. मान गुरवाकडेच राहिला.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे विचारतात. पोलिसाला खोटे पकडायचे शिक्षण मिळते. खरे पकडायचे कुणी शिकवत नाही. माणूस "एकच" म्हणाला तर आधी एकच समजावे. वाट म्हणाला तर जाऊन वाट बघून यावी. एवढे जमले तरी निम्मा तपास होतो. हे मी पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला सांगत आलो आणि प्रत्येकाने ते गंभीर चेहऱ्याने ऐकले. हवालदारांनी त्यांना कासवाचे आधीच सांगितलेले असायचे.

निवृत्त झालो तरी चैत्रात मी तिथे जातो. पायात साधी चप्पल. वाट आता वस्तीवरची माणसे दर पावसाळ्यानंतर स्वतःच साफ ठेवतात. गेल्या खेपेला गुरवाच्या बायकोने टाक्यातले पाणी तांब्याने काढून बाहेर माझ्या पायांवर ओतले, तेव्हा इतक्या वर्षांचे मनातले विचारून टाकले.

"बाई, त्या दिवशी मी पाय आत सोडले, देवाच्या अगदी डोक्यावर. तुम्ही बघत होतात. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणालातही. काय म्हणालात?"

तिने तांब्या पुन्हा भरला.

"देवालाच बोलले. म्हणलं, ह्या साहेबाला काई कळत न्हाई, तू मनावर घिऊ नको."