घंटेआधीची डाळ

...तर ती डाळ शकूनं दुसऱ्या दिवशीही अंगणातूनच परत पाठवली.

"इंदुबाय, तुमच्या कालेजच्या पोरांचं उष्टं खायाला आमी काय कोंबड्या हाव? उचला ती बादली!"

"ताटातलं नाय गो, टोपातलं हाय!"

"त्या टोपात कोनी कोनी हात घातलान, ते आमी बघाया आलो होतो?"

इंदुबाईंचा नुसता जळफळाट. कासूहून रोज पहिल्या गाडीनं पेणला येऊन पंचवीस वर्षं त्यांनी वसतिगृहातल्या दोनशे पोरांना रांधून घातलेलं, आणि धरमतरच्या खाडीकाठच्या मिठागरवस्तीतली ही बाई त्यांच्या अन्नाला उष्टं म्हणते!

पण खरी कळ वेगळीच होती. कॉलेजच्या मुलांनी मोबाइलवर ॲप काढलं होतं. जेवणं आटोपली की किती उरलं ते इंदुबाईंनी त्यात भरायचं. मग जवळच्या वस्तीला निरोप जाई आणि टेम्पो निघे. मात्र अन्न तीनदा परत आलं की वस्तीचं नावच कटाप. टेम्पो थांबे तो शकूच्याच अंगणात, आणि तिथून दोनदा परत येऊन झालं होतं. मिठागरं सुरू व्हायला अजून दोन महिने होते, वस्तीत चुली एकवेळच पेटत होत्या आणि शकूचा ताठा तसाच. इंदुबाई तिला येता-जाता शिव्या घालत, आणि वस्तीत आज किती चुली पेटल्या ते मात्र टेम्पोवाल्याला रोज विचारत.

तिसऱ्या दिवशी डाळीला फोडणी पडल्या पडल्या त्यांनी पहिली बादली भरली, साडेअकरालाच मोबाइलमध्ये 'उरलं' असं ठोकून दिलं आणि स्वतः टेम्पोत चढल्या.

शकू पदर खोचून उभीच. "आज पन आलात?"

"घड्याळ बघ आधी. पोरांची जेवनाची घंटा एकला होते. आता झाकन काढ."

सव्वाबारा झाले होते. डाळीवरची तरी अख्खी होती, तिच्यात पळीसुद्धा बुडाली नव्हती. शकूनं तळहातावर चार थेंब घेतले, चाटले आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी हाय," म्हणाली, आणि पातेलं आणायला आत गेली. जन्म मिठागरात गेलेल्या बाईला कुणाची डाळ खारट लागायची?

पोरांची जेवणं उरकली तेव्हा इंदुबाई परतल्या, तर खाणावळीचे मॅनेजर कमळाकर मोबाइल नाचवत दारातच उभे. त्या दिवशी एकही पोरगा उपाशी उठला नव्हता, पण ते कोण विचारतो!

"पोरं एकला जेवतात आणि तुमचं साडेअकरालाच उरतं? ही सरळ चोरी आहे, इंदुबाई. उद्यापासून टोपाला हात लावायचा नाही!"

इंदुबाईंनी पदराला हात पुसले.

"कमळाकरभाऊ, किती उरनार ते मला तांदूळ धुतानाच कळतं. शनवारी निम्मी पोरं गावाला पळतात, वांगं केलं की ताटं तशीच परत येतात, हे काय तुमच्या मोबाइलनं शिकवलं मला? उरनारच हाय, तर पाहुन्याचं पान आधी वाढलं, बिघडलं कुठं? आनि टोपाला हात लावू नको म्हनता ना, बरं. मग उद्या सकाळी सातला तुमीच या तांदूळ धुवायला."