माशा मोजणारी

गुलाबराव सरांना प्रतीक्षाबद्दल फारसं काही ठाऊक नव्हतं, आणि हे त्यांच्या लक्षात आणून दिलं ते इंग्लंडातल्या एका फॉर्मनं.

पडद्यावर प्रश्न होता : आपण या अर्जदाराला किती काळ आणि कोणत्या नात्याने ओळखता? काळ सोपा होता. आठवी ते दहावी, तीन वर्षं, इंग्रजी विषय. त्याखाली मात्र एक मोठा पांढरा चौकोन होता आणि त्यात मुलगी कशी आहे ते लिहायचं होतं. सर अर्धा तास त्या चौकोनाकडे बघत बसले. आठवलं ते एवढंच, की ती मुलींच्या रांगेत तिसऱ्या बाकावर खिडकीकडे बसायची. तिचे वडील इंद्रभान पिंपळगाव राजाच्या शिवारात भाजीपाला करतात. आणि नववीत एकदा तिनं उभं राहून विचारलं होतं, "सर, इंग्रजीत 'मी' ले मोठं अक्षर अन् 'तू' ले बारकं, असं काऊन? हे लोक सोताले लयच मोठं समजतात काय?" वर्ग खो खो हसला होता. सरांना उत्तर येत नव्हतं, म्हणून त्यांनी तिचा कान पिळला होता.

आता तीच मुलगी बारावीत होती आणि इंग्लंडातल्या एका जुन्या, नावाजलेल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकायला जायचं म्हणत होती. हे खूळ तिच्या डोक्यात मोबाइलवरून शिरलं होतं. तिथं जगभरातून हजारो मुलं अर्ज करतात, दहातलं एखादं घेतात. परदेशी मुलांसाठी शिष्यवृत्ती होती, ती तर त्याहून थोड्यांना. शिष्यवृत्तीसकट प्रवेश मिळाला तरच जाणं, नाहीतर खामगावला बी.एस्सी., असं घरात ठरलं होतं. अर्जासोबत एका शिक्षकाचं पत्र लागत होतं.

"अवं, पण तुझ्या कॉलेजातल्या सरांना सांग ना," गुलाबराव म्हणाले होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना दीड-दोन वर्षं झाली होती आणि त्यांचा इंग्रजीवरचा विश्वास, तो मुळातच बेताचा, आणखी कमी झाला होता.

"तिथं दोनशे पोरं हायेत सर. माह्यं तोंडही कोनी वळखत नाई," प्रतीक्षा म्हणाली. "तुमी निदान कान तं पिळला होता."

सर कचरूच्या ऑनलाइन सेंटरमध्ये येऊन बसले.

कचरूच्या दुकानाच्या पाटीवर 'सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील' असं लिहिलं होतं, आणि सर्व म्हणजे सर्व, असा त्याचा बाणा होता. "काही टेन्शन नका घेऊ सर," तो म्हणाला. "आपण पीक विमा भरला, जातीचे दाखले काढले. इंग्लंड काय लय येगळं हाये? लाल फुली असंल ते भरायचं, बाकी सोडून द्यायचं."

"इथं फुली सगळीकडेच आहे, कचरू."

"मंग टाका ना, चालचलणूक चांगली हाये म्हणून."

सरांनी तेच टाकलं होतं. 'सदर विद्यार्थिनी माझ्या माहितीप्रमाणे चालचलणुकीने चांगली असून तिला पुढील वाटचालीस शुभेच्छा.' एकतीस वर्षांत या वाक्याचं इंग्रजी त्यांनी इतक्या दाखल्यांवर लिहिलं होतं की हात आपोआप चालला. मग खाली बारीक अक्षरांत दिसलं : कृपया उदाहरणे द्यावीत. चालचलणुकीचं उदाहरण काय देणार? तिनं कोणाचा खून केला नाही?

सरांनी सगळं पुसलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला स्कूटर काढून इंद्रभानच्या मळ्यात गेले. मुलगी ओळखायची तर एकदा बघून तरी यावी.

इंद्रभान बांधावरच भेटला. हातात नळीचं तोंड, पायात एकच चप्पल. "या सर! आज वाट चुकले काय इकडं?"

"सहज. प्रतीक्षा कुठं आहे?"

"कुठं असनार? थे पाहा, भेंडीत बसेल हाये." इंद्रभाननं मान हलवली. "लोकं माशा मारतात सर. आमची पोरगी माशा मोजते."

खरंच मोजत होती. भेंडीच्या ओळीत उकिडवी बसून, एक एक पान हळूच उलटं करून, त्याच्या पाठीवरच्या टाचणीच्या टोकाएवढ्या पांढऱ्या माशा मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. सर जवळ गेले तसं तिनं न बघता बोट ओठांवर धरलं. "हळू सर. थंडीत बसून राहतात तवर मोजून घेतो. ऊन पडलं का उडून जातात."

"किती झाल्या?"

"तुमी आले अन् चुकल्या. पुन्हा पयल्यापासून."

सर गुमान बांधावर जाऊन बसले. तिची आई वंदनाबाई डोक्यावर टोपलं घेऊन आली, तिनं कपाळाला हात लावला. "भेंडी तोडाले पाठवली तं दोन किलोले दुपार करते, सर. बाजारात गिऱ्हाइकाले भेंडी पाह्यजे का माशांचा हिशोब? तुमी तरी सांगा तिले."

हिशोब मोठा होता. भेंडीवर दरवर्षी रोग पडे, शिरा पिवळ्या होत, मग सगळं पान. तो रोग ही माशी पसरवते असं शेतकी दुकानवाला सांगे आणि औषधाची बाटली देई. इंद्रभान फवारी. यंदा पोरीनं भांडून चार ओळी न फवारता राखल्या होत्या आणि जून महिन्यापासून दोन्हीकडच्या माशा लिहीत होती. तीन वह्या भरल्या होत्या. फवारलेल्या ओळींत तिसऱ्या दिवशी माशा नाहीशा, बाराव्या दिवशी मात्र न फवारलेल्या ओळींपेक्षा जास्त. असं एकदा नाही, चारदा झालं होतं.

"असं का होतं?" सरांनी विचारलं.

"थेच तं शिकाले जायचं हाये," ती म्हणाली, आणि पान उलटं केलं.

त्या दिवशी सरांनी पांढऱ्या चौकोनात लिहिलं : 'मी या मुलीला तीन वर्षं शिकवलं आणि ओळखलं नाही. आज सकाळी दोन तास बघितलं, त्यावरून लिहितो.' मग भेंडी, माशा, वह्या, उकिडवं बसणं, सगळं लिहिलं. कानाचंही लिहिलं, कारण एकदा खरं लिहायला घेतलं की हात थांबेना. पाठवल्यावर मात्र त्यांच्या लक्षात आलं, काय केलं ते. शिक्षकानं शिक्षक म्हणून आपली अब्रू काढून घेतली होती आणि पोरीचं नुकसान केलं असेल ते वेगळंच. आठवडाभर त्यांना जेवण गोड लागलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी मेल आली. मुलाखतीला बोलावलं होतं, मोबाइलवर नाही तर मोठ्या पडद्यावर, डिसेंबरात, आपल्या दुपारी तीनला.

आता सरांनी शिकवायला घेतलं. प्रतीक्षाचं इंग्रजी वाईट नव्हतं, पण एक शब्द तिच्या तोंडातून निघत नव्हता. 'हो' म्हणायची वेळ आली की 'येस' ऐवजी 'हाव' बाहेर पडे.

"येस म्हण."

"हाव सर."

"येस!"

"म्हनतो ना सर. येस, येस." मग वळून, "सर, तुमी चहा घेता काय?"

"हाव," सर म्हणाले, आणि तिनं टाळी वाजवली. पंधरा दिवसांत तिनं सरांना अकरा वेळा पकडलं आणि सरांनी तिला मोजायचं सोडून दिलं. शेवटी ठरलं : सर पडद्यात दिसणार नाहीत अशा जागी बसतील, आणि हाव निसटलं की खोकतील.

मुलाखतीच्या दिवशी कचरूच्या दुकानात पीक विम्याची गर्दी. इन्व्हर्टर फक्त त्याच्याकडे, म्हणून दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती. कचरूनं सगळ्यांना दम भरला, "गप बसा बे! लंडनवाली बाई हाये लाइनवर." सात-आठ शेतकरी भिंतीला लागून मुकाट उभे राहिले. सर झेरॉक्स मशीनच्या मागं स्टुलावर. इंद्रभान दाराबाहेर, कोणाच्या तरी मैताला आल्यासारखा टोपी हातात घेऊन.

पडद्यावर पांढऱ्या केसांची एक प्राध्यापकबाई आली. गोड हसली. आणि भेंडीच्या पिवळ्या पानाचा फोटो दाखवला.

बाईंचं बोलणं सगळं इंग्रजीत. "हा रोग विषाणूचा आहे आणि पांढरी माशी तो पसरवते. बरोबर?"

"हाव," प्रतीक्षा म्हणाली.

सर खोकले.

बाई क्षणभर थांबल्या. इंग्रजीत 'हाऊ' म्हणजे 'कसं?', आणि त्यांना तेच ऐकू आलं होतं. "कसं, विचारतेस? छान." आणि त्यांनी माशी पानातला रस कशी ओढते, विषाणू तिच्या पोटात कसा जातो, ते समजावून सांगितलं. "म्हणजे माशी मारली की रोग थांबेल. पटतं?"

"हाव."

सर जोरात खोकले. बाई पुन्हा थांबल्या, आणि औषध माशीच्या मज्जातंतूंवर कसं काम करतं ते सांगू लागल्या. त्या आता जरा पुढं सरकून बसल्या होत्या. मुलगी नुसती ऐकून घेत नाही, प्रत्येक वेळी खोदून विचारते, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "आणि तरीही काही माशा औषधाला दाद देत नाहीत, त्यांची संख्या वाढते."

"हाव."

"कसं, ते..." बाई चाचरल्या. "ते इतकं सोपं नाही."

सरांचा खोकला आता खरा झाला होता. ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं. बाईंनी काळजीनं विचारलं, "तिथं कोणी आजारी आहे का?"

"हाव."

"कसं, ते मला इथून कसं कळणार?" बाई म्हणाल्या.

कचरू फुटला. त्याच्यामागं पीक विमा फुटला. प्रतीक्षानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मग हात काढले आणि सांगून टाकलं, की मॅडम, आमच्याकडं हाव म्हणजे येस.

बाई हसल्या नाहीत. "म्हणजे इतका वेळ तू मला प्रश्न विचारत नव्हतीस. माझ्या प्रत्येक बोलण्याला हो म्हणत होतीस."

झेरॉक्स मशीनमागं सरांना वाटलं, गेलं सगळं. त्यांच्यामुळं गेलं.

"हो," प्रतीक्षा म्हणाली, या वेळी नीट 'येस'. "पण दुसरं हो खोटं होतं."

"खोटं?"

"माशी मारली की रोग थांबेल, हे मला पटलेलं नाही. आमच्याकडं मोठ्या माणसानं 'पटतं का' विचारलं की हाव म्हणायचं असतं. पटो न पटो."

सरांचा खोकला थांबला. एकतीस वर्षं त्यांनी वर्गाला 'समजलं का?' विचारलं होतं आणि एकतीस वर्षं वर्गानं एका सुरात 'हाव सर' म्हटलं होतं.

"मग काय पटतं?" बाईंनी विचारलं.

प्रतीक्षानं वही उघडून कॅमेऱ्यासमोर धरली. बाराव्या दिवशीचे आकडे दाखवले. फवारलं की माशा मरतात, पण माशा खाणारे कोळी आणि ढालकिडेही मरतात. माशा परत येतात, कोळी येत नाहीत, असा तिचा अंदाज होता. "कोळी मात्र मी जुलैपासून मोजायला लागले. जूनचे नाहीत. ती माझी चूक."

"तुझ्या शिक्षकांनी माशांबद्दल लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. "कोळ्यांबद्दल नाही."

"त्यांना माशाच दिसल्या. चष्मा बदलायचा आहे त्यांचा."

आता बाई हसल्या. वीस मिनिटांची मुलाखत अडतीस मिनिटं चालली. उरलेल्या वेळात बाईंनी 'पटतं का?' असं एकदाही विचारलं नाही. 'काय पटत नाही?' असंच विचारलं.

जानेवारीत उत्तर आलं. कचरूनं वाचलं, सरांनी पुन्हा वाचलं. घेतलं होतं, पण बारावीला पंच्याण्णव टक्क्यांची अट होती.

"अट म्हंजे?" इंद्रभाननं विचारलं. "घेतलं का नाई, एक सांगा."

"घेतलं. पण अभ्यास करायला लागेल."

"थे होय! मले वाटलं जमीन मांगतात का काय."

सत्त्याण्णव पडले. शिष्यवृत्तीचं पत्र जूनमध्ये आलं आणि व्हिसाच्या बाईनं मुंबईत दोन तास बसवून घेतलं. वंदनाबाईनं भेंडीतल्या त्या चार ओळी तशाच ठेवायचं कबूल केलं, पण मोजणार कोण, यावरून घरात बराच वाद झाला. शेवटी इंद्रभान मोजू लागला. गावात त्याला आता लोक विचारत, काय इंद्रभान, किती मारल्या? आणि तो खवळून म्हणे, मारत नाई बे, मोजतो!

सप्टेंबरच्या शेवटी नांदुऱ्याला मुंबईची गाडी पकडायची होती. जीप दारात उभी. मागं दोन बॅगा, लोणच्याची बरणी तीन पिशव्यांत बांधलेली, मधे आई. प्रतीक्षानं सगळ्यांच्या पाया पडून घेतलं होतं, सरांच्याही, आणि खिडकीपाशी बसली होती. खिडकीबाहेर उभ्या सरांना बोलायचं पुष्कळ होतं. घरून येताना त्यांनी दोन वाक्यं इंग्रजीत जुळवूनही आणली होती. ती त्यांना आठवेनात. रस्त्यावर ट्रक जाऊन धूळ उडाली.

"सर, हे काच वर जात नाई," प्रतीक्षा म्हणाली.

"आधी थोडी खाली घे, मग फिरव."

"फिरवून राह्यली."

"उलटं नको. माझ्याकडं."

"हां, गेली."