गोषवाऱ्यातला 'का.'

ऑक्टोबर. दसरा होऊन चौथा दिवस, मंगळवार. सकाळी साडेनऊ. स्थळ: सोसायटीचं गोदाम, चकलांब्याच्या अलीकडचं एक गाव.

हजर: सोसायटीचे चेअरमन, सरपंचबाईंच्या वतीने त्यांचे यजमान, शाळेचे गुरुजी, अंगणवाडीच्या ताई, आणि पर्यवेक्षिका म्हणून मी. गैरहजर: ग्रामसेवक, कळवून. आया: सात. ज्यांच्यासाठी बैठक होती ती मुलं बाहेर लिंबाखाली, कारण चेअरमनांना गलका सहन होत नव्हता.

वहीत हे असंच आहे. वर्ष मुद्दाम लिहीत नाही. आमच्याकडे टँकरची वर्षं एवढी झाली की एकाचं नाव घेतलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल.

काम असं होतं. दसरा झाला की गावातली जोडपी ऊसतोडीला निघतात. बीडकडे 'ऊसतोडीला' असं कुणी म्हणत नाही, 'कारखान्याला गेले' म्हणतात. पाऊस नसला की जास्त जातात. मुलं एकतर सोबत जातात, नाहीतर मागे राहतात. ज्या घरात मूल मागे ठेवण्याची इच्छा आहे पण सांभाळायला हात कमी पडतात, तिथे आधीच मदत पोचवायची होती: मोठ्याला शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवण आणि झोपायला जागा, लहानाला सांभाळणाऱ्या नातेवाइकाला धान्य, आणि ताईंची दर आठवड्याला फेरी. अडचण झाल्यावर धावण्यापेक्षा आधी पोचा, असं परिपत्रकात होतं. परिपत्रकातल्या फार थोड्या गोष्टी मला पटत. ही पटली होती.

प्रत्येक मुलासाठी चार पानी अर्ज, नऊ रकाने. वजन, शाळा, आजार, घर, आईवडिलांचं वास्तव्य, मागे सांभाळणार कोण, असं करत नववा रकाना: 'बालकाचे स्वतःचे म्हणणे'. आणि या सगळ्या अर्जांचा मिळून एका कागदावर गोषवारा, मुलामागे एक ओळ. वरच्या कार्यालयात गोषवारा वाचतात, अर्ज फायलीला लावतात. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षीच समजलं होतं.

"करा यादी, मॅडम, लई चांगली करा," चेअरमन म्हणाले. ते एका साखर कारखान्याचे संचालकही होते. "मागच्या तीन याद्या त्या कपाटात हायेत. उंदरं वाचतेत."

सरपंचबाईंचे यजमान हसले. मी हसले नाही, कपाटाला कुलूप आहे का एवढं विचारलं. नव्हतं.

अकरा मुलं होती. त्यातली दोन चेअरमननी सांगितलेली, शिंप्याच्या घरची. आईवडील बारा महिने गावातच. "घ्या, घ्या, गरीबच हाय तो," ते म्हणाले. मी घेतली, कारण गोदाम त्यांचं होतं आणि बैठक पुढे न्यायची होती.

आठव्या क्रमांकाला जी मुलगी होती तिच्याविषयी हे लिहिते आहे. वय नऊ, चौथीत. तिचा भाऊ दीड वर्षाचा, नववा क्रमांक. ताईंनी वजनकाटा लिंबाच्या फांदीला टांगला, झोळीत त्याला ठेवलं. काटा जिथे थांबला ते पाहून ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आकडा लिहिला आणि खाली लाल रेघ मारली. त्याच्या मांडीवर भाजल्याचा वाळलेला डाग होता.

"हे कशानं?" मी विचारलं.

"मागल्या साली, खोपीम्होरं चुलीपशी," त्याची आई म्हणाली. "आमी दोघं उसाच्या फडात. ही व्हती ना त्याच्यापशी."

मुलगी लगेच म्हणाली, "मी पान्याला गेलते. त्याला बांधून गेलते." मग खाली मान घालून, "गाठ ढिली बसली."

नऊ वर्षांच्या मुलीने गाठीचा हिशेब इतक्या सरळ दिलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. भाऊ जेमतेम रांगत होता तेव्हा ही आठ वर्षांची, पाणी, चूल आणि तो, तिन्ही तिच्याकडे.

आईचं म्हणणं स्पष्ट होतं. शेजारच्या घरात मुलांची आत्या राहत होती. धान्य मिळालं तर ती लहानग्याला ठेवून घ्यायला तयार होती, मुलगी शाळेच्या वसतिगृहात राहिली असती. "यादीत नाव आलं का दोघान्ला हितंच ठेविते, म्याडम. न्हाई आलं तर न्यावंच लागंल. मुकादम दिवाळीच्या आदी गाडी काढनार हाय."

"येईल," मी म्हणाले. असं म्हणायचा मला अधिकार नव्हता.

मग मी मुलीला जवळ घेतलं. नववा रकाना. "तुला काय वाटतं गं? इथं राहायचं का आईसोबत जायचं?"

तिने माझ्या पेनाकडे पाहिलं. "मला ना, बाई..." एवढं बोलली आणि वेशीवर टँकरचा हॉर्न वाजला.

पुढे बैठक नव्हतीच. सातही आया उठल्या. मुलीने भावाला झोळीतून काढून ताईंच्या कडेवर दिलं, गोदामाच्या भिंतीला लावलेली घागर उचलली आणि पळाली. गुरुजीसुद्धा कॅन घेऊन गेले. चेअरमन तेवढे बसून राहिले, त्यांच्या हौदाला टँकर स्वतः जात असे.

"सगळं आजच पायजे बरं का वर," ते म्हणाले. "माझी जीप बाराला तालुक्याला चालली. द्यायचं तर द्या."

अर्ज घरी नेऊन पुरे करीन असं ठरवून मी गोषवारा तिथेच उरकला. अकरा ओळी, वीस मिनिटं. 'आईवडिलांचं वास्तव्य' हा रकाना अरुंद होता. त्यात मी आमच्या गावोगावच्या वह्यांत लिहितात तसंच लिहिलं: जे कारखान्याला जाणार त्यांच्यापुढे 'का.', शिंप्याच्या दोघांपुढे 'ग.', म्हणजे गावी. नऊ वेळा 'का.', दोनदा 'ग.'. अक्षर सुंदर आलं होतं. माझी अक्षरं सुंदरच येतात.

यादी मंजूर होऊन आली ती अकराव्या दिवशी. मंजूर दोन. दोन्ही शिंप्याच्या घरची.

मी त्याच दुपारी तालुक्याला गेले. संबंधित बाबूंनी फाइल काढली, गोषवारा माझ्यासमोर ठेवला आणि बोटाने रकाना दाखवला.

"हे बघा, का., का., का. कायम. आईबाप कायम घरी हायेत, तर मग मदत कशाला? आन् हे दोन ग. म्हंजे गैरहजर. त्यान्ला दिली."

"का. म्हणजे कारखान्याला," मी म्हणाले. "ग. म्हणजे गावी. आमच्या प्रत्येक अंगणवाडीत असंच लिहितात."

"आमच्या नोंदवहीत का. म्हंजे कायम. लई वर्सांपासून." त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, 'कारखाना' असा आख्खा शब्द लिहायचा ना. शाईला काय रेशन हाय का?"

शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले. चूक त्यांची नव्हती. त्यांनी अर्ज मागवून उघडला असता तर पहिल्याच पानावर सगळं दिसलं असतं, हे खरं. पण अर्ज उघडत नाहीत हे मला ठाऊक होतं, आणि अर्ज तरी कुठे गेले होते, ते माझ्या घरी टेबलावर होते, पुरे व्हायचे.

दुरुस्तीची रीत त्यांनी सांगितली. नव्याने गोषवारा, त्यावर ग्रामपंचायतीचा ठराव, मग शुद्धिपत्रक. लवकरात लवकर पंधरा दिवस. मी त्यांच्यासमोर बसून गोषवारा पुन्हा लिहिला, नऊ वेळा 'कारखान्याला', पूर्ण शब्द. जागा पुरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात पोचले तर मारुतीसमोर ट्रक उभा. पत्रे, बांबू, कोंबड्यांची पाटी, हंडे, गोधड्या असं सगळं चढत होतं. तोडीच्या टोळीचा मुकादम वही घेऊन नावं वाचत होता, आणि प्रत्येक नावाला गर्दीतून 'हाय' येत होतं. माझ्या बैठकीतल्या हजेरीपेक्षा ती नीट चालली होती.

मुलीची आई मला पाहून धावत आली. "आलं का म्याडम नाव?"

"चूक झालीय. माझ्याकडून. मी 'का.' लिहिलं, त्यांनी 'कायम' वाचलं. पंधरा दिवसांत दुरुस्त होईल."

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "पंधरा दिस कोन बघनार?"

आत्या तिथेच होती. "धान्य आल्याबिगर मी कशी ठेवू बाई? माजीच चार हायेत." गुरुजींना विचारलं, मुलीला तरी वसतिगृहात घ्या. ते म्हणाले, "यादीत नाव नसलेल्या पोरीला कोणत्या हजेरीवर जेवू घालू, ते सांगा." पंधरा दिवसांचं दोघांचं मी पाहते, असं मी म्हणू शकत होते. तेव्हा ते मनात आलंही. पण अशी बाकीची सात मुलं त्याच ट्रकमध्ये होती, एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागेल, असा विचार केला आणि गप्प राहिले. तो विचार हिशेबाला बरोबर होता. त्याचा मला आजही राग येतो.

मुकादम पुढच्या नावाला थांबला होता. "म्याडम, एक सांगू का?" त्याने वही माझ्यासमोर धरली. "माज्या वहीत का. न्हाई का फा. न्हाई. मानूस दिसला का नाव लिवायचं. कावून म्हनताल तर एक जरी मागं ऱ्हायला तर माजं नुकसान." मग त्याने वाचलं. नवरा-बायको, एक कोयता; तोडीत एका जोडप्याला एक कोयता धरतात. आणि त्यांच्या नावाखाली बारीक अक्षरात मुलीचं नाव, पुढे 'सैपाक'.

मुलीने भावाला वर दिलं, चाकावर पाय ठेवून चढली आणि गोधड्यांच्या ढिगावर बसली. भावाला तिने स्वतःच्या पोटाशी ओढणीने बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली.

शुद्धिपत्रक जानेवारीत आलं. नऊ मुलं मंजूर. धान्यही आलं, ते सोसायटीच्या गोदामात उतरलं, त्याच भिंतीशी. ताईंनी आणि मी अहवाल लिहिला: 'लाभार्थी गावी नाहीत.' पूर्ण शब्द. धान्य परत गेलं.

एप्रिलमध्ये ट्रक परतला. लहानग्याचं वजन करायला ताई घरी गेल्या. तो जिवंत होता, बरा होता, चालत होता. हे लिहायला हवं, कारण वाचणारा वाईटाचीच वाट पाहत असतो. मुलीचा चौथीचा वर्ग संपलेला होता. पाचवीत ती बसली नाही. पुढच्या दोन हंगामांनंतर मुकादमाच्या वहीत तिच्या नावापुढचं 'सैपाक' जाऊन 'अर्धा कोयता' आल्याचं ताईंनी सांगितलं. माझी बदली तोवर झाली होती. आता ती मोठी बाई आहे, कोयता तिचा पूर्ण आहे आणि तिची मुलगी गेल्या वर्षी शाळेत घातली, असंही ताई फोनवर म्हणाल्या.

मी कुठलाही शब्द आखूड लिहीत नाही. वाणसामानाच्या चिठ्ठीवरही 'किलो' पुरं लिहिते, घरचे हसतात.

अर्ज क्रमांक आठ माझ्याकडे आहे. कार्यालयात द्यायला हवा होता, दिला नाही. आठ रकाने भरलेले, एकही खाडाखोड नाही. नवव्यात माझ्या अक्षरात 'मला ना, बाई' एवढंच आहे. तिचं गाव इथून एसटीने पाऊण तास. ती उन्हाळ्यात गावी असते. माझ्या रोजच्या वहीत दर मे महिन्याच्या पहिल्या पानावर मी लिहिते: अर्ज आठ, रकाना नऊ, जाऊन विचारणे. यंदाही लिहिलं आहे. पुढे खूण केलेली नाही.