वावराची मालकीण

मी रोज सकाळी बायकोची वेणी घालतो. आत दार लोटून नाही, बाहेर ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून. घरात बसवलं की ती दर मिनिटाला उठते, काहीतरी काम राहिलंय असं तिला वाटत राहतं. ओट्यावर बसली की नजर रस्त्यावर लागते आणि डोकं स्थिर राहतं. सुरुवातीला येणारे-जाणारे मुद्दाम सावकाश चालायचे. डेअरीवर दूध नेणाऱ्या एकाने तर मोटरसायकल थांबवली.

"काय जी काका, आता बायकोच्या येन्या घालून राह्यले का?"

"हो. तुह्या डोक्यावर केस असते तं तुही बी घातली असती."

तेव्हापासून तो दुसऱ्या गल्लीने जातो. माझं काही अडत नाही.

माझं वय सहासष्ट. नेर आणि दारव्ह्याच्या मधल्या एका गावात आमचं घर आहे, गावाला लागून वावर आहे, त्यात कापूस आणि तूर. बायको माझ्याहून चार वर्षांनी लहान. तीन वर्षांपूर्वी तिचं विसरणं सुरू झालं. आधी भाजीत दोनदा मीठ पडायला लागलं. मग गॅसवरचं दूध जळायला लागलं. मग एक दिवस ती अर्धं लुगडं नेसून खोलीच्या मध्ये उभी दिसली, हातात निऱ्या धरलेल्या, आणि पुढे काय करायचं ते आठवत नाही म्हणून रडत होती. यवतमाळच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. माणूस सरळ होता. म्हणाला, हे बरं होणारं नाही, सांभाळावं लागेल. सांभाळायचं कसं, हे मात्र कोणी सांगितलं नाही. ते मी तिच्याकडूनच शिकलो, आणि मार खाऊन शिकलो.

खरंच मार खाल्ला. पहिल्यांदा आंघोळ घालायला गेलो आणि सरळ डोक्यावर पाणी ओतलं, तेव्हा तिने माझ्या थोबाडीत दिली. बरोबरच केलं. अचानक डोक्यावर पाणी ओतणाऱ्याला कोण सोडेल? आता मी आधी पायांवर कोमट पाणी घालतो, मग हातांवर, आणि दुसरा लोटा तिच्याच हातात देतो. हातात काम असलं की ती घाबरत नाही. सगळे म्हणाले, लुगडं सोडा, गाऊन घाला, सोपं पडेल. कोणाला सोपं? मला. तिने जन्मात गाऊन घातला नव्हता. मी शेजारणीकडून लुगडं नेसवायला शिकलो. ती बाई हसून हसून खाली बसली, तरी शिकवलंच. आतून दोन पिना लावतो, त्या कोणाला दिसत नाहीत.

ताटात चार पदार्थ वाढले की ती नुसती बघत बसते. म्हणून एका वेळी एकच: आधी भाकर आणि भाजी, ते संपलं की वरण-भात. आणि काही विचारायचं नाही. "काय खाशील?" हा प्रश्न आपल्याला साधा वाटतो, तिला तो डोंगर असतो. वाढायचं आणि शेजारी बसून आपणही खायचं.

सगळ्यात मोठी चूक मी तिच्या आईच्या बाबतीत केली. आई जाऊन वीस वर्षं झाली. एका सकाळी तिने विचारलं, "माही माय कुठं गेली?" मी खरं सांगितलं. ती अशी रडली की जणू आत्ताच निरोप आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं, मी मूर्खासारखं पुन्हा खरं सांगितलं, आणि ती पुन्हा तितकीच रडली. दोन दिवसांत मी माझ्या सासूला दोनदा मारलं. तिसऱ्या दिवशी म्हणालो, "वावरात गेली." ती म्हणाली, "बरं," आणि शेंगा सोलायला बसली. लोक मला म्हणतात, तुम्ही तिच्याशी खोटं बोलता. बोलतो. छातीठोक बोलतो.

कधी कधी मी तिचा भाऊ असतो. "भाऊ, मले घरी सोडून दे ना," असं म्हणते. आधी मला फार लागायचं. इतकी वर्षं संसार केला आणि ही मला भाऊ म्हणते, असं वाटून मी दोन-दोन दिवस घुम्म व्हायचो. मग कळलं, रुसून मीच उपाशी राहतो, तिला काही पत्ताच नसतो. आता म्हणतो, "चाल." हात धरतो, मारुतीच्या देवळाला वळसा घालतो, आणि फाटकाशी परत आलो की तिला वाटतं, घर आलं. वीस मिनिटांचं काम आहे.

पाहुण्यांना मात्र मी सोडत नाही. येतात, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसतात आणि विचारतात, "सांगा पाहू, मी कोण?" जणू ती शाळेत बसली आहे. माझ्या साडूने हे केलं तेव्हा ती नुसती हसत राहिली, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी ओळखलं, ती लाजेने मरत होती. साडूला मी तिथेच म्हणालो, "आंदी आपलं नाव सांगा, मंग बसा. माह्या घरात परीक्षा होत नाई." तो चहा न पिताच गेला. नंतर सहा महिन्यांनी आला आणि दारातूनच आपलं नाव आणि नातं सांगत आत शिरला. माणूस सुधारतो.

गेल्या पोळ्याच्या सुमारास ती फाटक उघडून निघून गेली. बोरी अरब तिचं माहेर. त्या रस्त्याने दोन-तीन कोस चालली होती, चपला हातात घेऊन. एका फाट्यावरच्या पानठेल्यावाल्याने तिला बसवून ठेवलं, पाणी पाजलं आणि गावात निरोप धाडला. मी पोचलो तेव्हा ती रागावून म्हणाली, "इतका उशीर काहून केला?" संध्याकाळी निम्मं गाव आमच्या अंगणात. सगळ्यांचं म्हणणं एकच, खोलीत ठेवा, बाहेरून कडी लावा. एकाने तर नवं कुलूप आणून माझ्या हातात दिलं. मी ते कोठ्याच्या दाराला लावलं, ढोरांच्या खायच्या ढेपेला उपयोगी पडलं. फाटकाला बैलाच्या गळ्यातली घंटी बांधली, म्हणजे ते उघडलं की मला कळतं. तिच्या प्रत्येक पोलक्याच्या आत माझा फोन नंबर लिहिलेली पट्टी शिवली. आणि महिन्यातून एकदा तिला एसटीत बसवून बोरीला नेऊ लागलो. जिला माहेरची ओढ आहे तिला कोंडायचं कशाला?

पण ही बातमी पुण्याला गेली. मुलगा तिकडे नोकरीला आहे. वाईट नाही तो, घाबरलेला आहे. तिकडे अशा माणसांना ठेवून घेणारी एक संस्था त्याने पाहून ठेवली होती. दिवाळीत गाडी घेऊन येतो, आईला नेतो, म्हणाला. मी नाही म्हणालो. तेव्हा त्याने माझ्या मोठ्या बहिणीला फोन केला, कारण त्याला लहानपणापासून माहीत आहे की या घरात मी फक्त आक्काचं ऐकतो.

आक्का नेरहून दसऱ्यानंतर आली. ती यायच्या दिवसांत आमचा पहिला वेचा होता. कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बाया सांगून ठेवल्या होत्या. आमच्याकडे पहिल्या वेच्याला सीतादही करतात. घरची मालकीण पहिल्या तासातल्या, म्हणजे ओळीतल्या, चांगल्या पऱ्हाटीच्या, कापसाच्या झाडाच्या, बुडाशी खडे मांडते, त्यांना हळद-कुंकू लावते, दही-भाताचा निवद दाखवते, तोच दही-भात वावरात शिंपडते आणि पहिली बोंडं आपल्या ओटीत घेते. त्यानंतर बाकीच्या बाया वेचायला लागतात. लग्न होऊन आल्यापासून आमच्या वावरात हे माझ्या बायकोनेच केलं होतं.

"औंदा धाकट्या भावाच्या बायकोले करू दे," आक्का म्हणाली. "हिले काई समजत नाई आता. देवाच्या कामात काई उलटंसुलटं झालं तं?"

"वावर कोनाचं हाये? हिचं. मंग हीच करन."

आक्काने पदर खोचला. मग म्हणाली, "बरं. हिनं बरोबर केलं तं मी पोराले सांगतो, राहू दे तुह्या मायले इथंच. नाई जमलं, तं दिवाळीत गाडीत बसवून दे. मंग भांडू नको."

मी रागात होतो. म्हणालो, "मंजूर." तोंडातून शब्द गेल्यावर कळलं काय केलं ते. माझ्या बायकोचं घर मी एका पूजेवर लावून बसलो होतो. त्या दोन दिवसांत मी तिला शिकवायचा प्रयत्न केला, हेही कबूल करतो. अंगणात खडे मांडून दाखवले. तिने ते उचलून नीट एका डब्यात भरून ठेवले.

त्या दिवशी सकाळी तिला हिरवं लुगडं नेसवलं, वेणी घातली, कुंकू लावलं. वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, बाया थांबल्या होत्या, दहा-बारा जणी, कमरेला ओट्या बांधून तयार. आक्का सगळ्यात पुढे. मी बायकोला पऱ्हाटीजवळ बसवलं आणि पूजेची थाळी तिच्यासमोर ठेवली. तिने खडे मांडले. एकेक करून, पण मांडले. हळद लावली, कुंकू लावलं. मी आक्काकडे बघितलं, आक्का दुसरीकडे बघत होती.

मग तिने दही-भाताची वाटी उचलली. वाटीत बघितलं. आणि सावकाश एक घास तोंडात घातला.

बायांमध्ये कुजबुज झाली. कोणीतरी तोंडाला पदर लावला. "अवो बाई, देवाचं हाये थे!" आक्का ओरडली आणि वाटी घ्यायला पुढे झाली. बायकोने वाटी छातीशी धरली. घाबरून माझ्याकडे बघितलं, दह्याने ओठ पांढरे झालेले.

आणि मला एकाएकी दिसलं की अडतीस वर्षं ही बाई सगळ्यांच्या मागून जेवली. आधी माझे वडील, मग मी, मग पोरगा, मग आलेगेले, मग गडी. ती चुलीपाशी बसून उरलेलं खायची, आणि उरलं नाही तर भूक नाही म्हणायची. वावरात दही-भात दरवर्षी तिच्याच हातचा, आणि तिने तो चाखलेला मी एकदाही पाहिला नव्हता. पाहायचा प्रयत्नही केला नव्हता. मला माझी लाज वाटली आणि आक्काचा, मुलाचा, त्या धुऱ्यावर उभ्या सगळ्यांचा राग आला.

मी धोतर सावरून तिच्या शेजारी मातीत बसलो आणि वाटीत हात घातला. तिच्या हातावर एक घास ठेवला, एक मी खाल्ला. ती निवांत झाली. आम्ही दोघांनी वाटी संपवली. चार शितं राहिली ती मी पऱ्हाटीच्या बुडाशी टाकली.

"बायाहो, मालकीन जेवली," मी म्हणालो. "लागा वेचाले."

मग सगळ्यात म्हातारी वेचणारी पुढे आली, तिने माझ्या बायकोच्या पायांना हात लावला आणि पहिल्या तासात वाकली. तिच्या मागे बाकीच्या.

आक्का तिथेच उभी होती. "पोराले काय सांगू आता मी?"

"सांग त्याले, तुही माय आज पयल्यांदा सगळ्याइच्या आंदी जेवली. अन् थे कुठंई जाऊन नाई राह्यली."